शिक्का नोंदणीचा, जोखीम तुमची

घराचा भाव ठरायला तीन महिने लागतात. दोन लाख इकडे, लाख तिकडे, गाडीची जागा धरून की सोडून, पंखे-गिझर ठेवणार की काढून नेणार. आणि विकणारा खरंच मालक आहे का, हे पाहायला? एक चहा. दलाल सांगतो, "टायटल एकदम क्लिअर आहे, साहेब." या एका वाक्यावर माणसं वीस वर्षांचा हप्ता अंगावर घेतात. त्या वाक्याला पुरावा मागा. कागद दाखवा म्हणा, आणि कागद येईपर्यंत चेकबुक कपाटातच राहू द्या.

आपला सगळ्यात मोठा गैरसमज दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबद्दल आहे. अंगठा उमटवला, फोटो काढला, साक्षीदारांनी ओळख पटवली, दस्तावर क्रमांक पडला, इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा उतारा, हातात आला, म्हणजे सरकारने आपल्याला मालक केलं अशी लोकांची समजूत असते. तसं अजिबात नाही. तिथे बसलेला अधिकारी मुख्यतः एवढंच पाहतो की दस्त देणारा माणूस स्वतः हजर आहे, सही आपलीच असल्याचं कबूल करतो आहे, शुल्क पूर्ण भरलेलं आहे. विकणाऱ्याकडे विकण्यासारखं काही आहे का, हा प्रश्न त्या टेबलावर विचारलाच जात नाही. तामिळनाडूने तो विचारायचा नियम केला होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. दस्त देणाऱ्याची मालकी तपासणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं कामच नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. १९०८ च्या नोंदणी कायद्याची रचनाच तशी आहे. नोंद होते ती व्यवहाराची. मालकीची हमी तीत नसते.

शुल्क मात्र पूर्ण. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, पुण्यात ७. खरेदीदार एकटी स्त्री असेल तर १ टक्का सवलत. त्यावर नोंदणी फी, ३० लाखांच्या वरच्या घराला ३० हजार. मुंबईत ८० लाखांचं घर घेणारं जोडपं ५ लाख १० हजार रुपये सरकारजमा करतं. सौदा रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरपत्रकापेक्षा, कमी भावात झाला असेल, तर शुल्क रेकनरच्या दराने. घराची किंमत किती असायला हवी, याबद्दल सरकारचं मत इतकं पक्कं आहे. घर कुणाचं, याबद्दल त्याला मतच नाही.

याची किंमत कोण मोजतं ते कल्याण-डोंबिवलीत दिसलं. महापालिकेच्या बनावट परवानग्या, त्यांच्या आधारे गृहप्रकल्पांच्या नियामकाकडून मिळवलेले महारेरा क्रमांक, आणि अशा ६५ इमारती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथे राहायला गेलेल्या कुटुंबांनी करार केले होते, शुल्क भरलं होतं, कर्जं काढली होती. त्यांनी काय वगळलं होतं? सामान्य माणसाला सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं. एका सरकारी खात्याच्या नावाने केलेला खोटा कागद दुसऱ्या सरकारी यंत्रणेने खरा मानला, आणि शिक्षा झाली तिसऱ्याच माणसाला. यावर "लोकांनी नीट चौकशी करायला हवी होती" असं म्हणणाऱ्याने आधी सांगावं की नीट चौकशी कुठल्या खिडकीवर होते.

दलालाच्या वाक्याइतकंच धोक्याचं दुसरं वाक्य: "बँकेने कर्ज मंजूर केलं, म्हणजे कागद चोख." बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो. त्याची फी तुमच्या खिशातून जाते, अहवाल मात्र बहुतेक वेळा तुम्हाला दाखवतही नाहीत. शिवाय बँकेकडे तुमचा पगार आहे, तुमची सही आहे, जामीनदार असेल तर तोही. मालकी उद्या कोसळली तरी हप्ता चालूच राहतो. म्हणून आपला वकील आपण करावा. बिल्डरने सुचवलेला नको, दलालाच्या ओळखीतला नको. ८० लाखांच्या व्यवहारात त्याची फी बहुधा दलालीपेक्षा कमीच असते, आणि तरी वाचवायची वेळ आली की कात्री पहिल्यांदा तिच्यावरच चालते.

हा वकील काय करतो? मागच्या ३० वर्षांचा शोध घेतो. गहाण सोडवून घेण्याचा दावा कायद्याने ३० वर्षांपर्यंत करता येतो, हे त्या आकड्यामागचं एक कारण. तो इंडेक्स टूच्या नोंदी चाळतो, जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढतो, फेरफार वाचतो, बोजा आहे का बघतो. वृत्तपत्रात जाहीर नोटीस देतो: अमुक सदनिका आमचे अशील विकत घेत आहेत, कुणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत पुराव्यासह कळवावे. मराठी वृत्तपत्रांत रोज छापून येणाऱ्या त्या बारीक टायपातल्या चौकटी फार थोडे लोक वाचतात, आणि नेमका ज्याचा हक्क आहे त्याच्या नजरेला ती पडेल याची खात्री नाही. तरीही नोटीस द्यावी. उद्या कोर्टात, आपण डोळे मिटून व्यवहार केला नव्हता, एवढं तरी सांगता येतं.

मग साखळी. जुन्या फ्लॅटचा सगळा जीव साखळीत असतो. बिल्डरने पहिल्याला विकला, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तुमच्या विक्रेत्याला. प्रत्येक टप्प्याचा मूळ करार हवा, नोंदवलेला हवा, त्यावर त्या वेळचं पूर्ण शुल्क हवं. एक कडी गायब असेल तर नक्कल काढून भागतं असं दलाल सांगेल. नक्कल मिळते, खरं आहे. पण मूळ कागद हरवला आहे की कुठल्या सावकाराच्या तिजोरीत तारण पडला आहे, हे नक्कल सांगत नाही. मूळ कागद बँकेत ठेवूनच तर गहाण होतं. जुन्या कड्या किती कच्च्या आहेत हे सरकारलाही ठाऊक आहे. नाहीतर १९८० ते २०२० या चाळीस वर्षांतल्या दस्तांच्या थकलेल्या मुद्रांक शुल्कासाठी २०२३ मध्ये अभय योजना आणावी लागली नसती.

आणि बहीण. मराठी घरांतल्या मालकीचा सगळ्यात दुबळा सांधा हाच आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले, फ्लॅट त्यांच्या कमाईचा. आई आणि मुलगा मिळून विकायला काढतात. नागपूरला दिलेल्या मुलीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. "तिचं लग्नात सगळं केलंय, ती काही मागणार नाही." मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, असं अजूनही शिकलेली माणसं म्हणतात. ती दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दलची. आपल्या राज्याने तर त्याआधी १९९४ मध्येच, तोपर्यंत लग्न न झालेल्या मुलींपुरता, तसा कायदा केला होता. वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात मुलगी १९५६ पासून मुलाइतकीच वारस आहे. तिची सही नसेल, तर तुम्ही घेतलेल्या घरातला तिचा हिस्सा तिचाच राहतो. नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं, किंवा तिने स्वतः विक्रेती म्हणून सही करायला हवी. तिचा हिस्सा तिला द्या, हे मी वेगळं सांगणार नाही, तो कायद्यानेच तिचा आहे. खरेदीदाराला मात्र सांगतो: घर बघायला जाल तेव्हा भिंतीवरचा कुटुंबाचा फोटो बघा, त्यात किती मुलं आहेत ते मोजा, आणि तेवढ्या सह्या मागा.

नॉमिनीबद्दल तर गोंधळच गोंधळ. सोसायटीत नाव लावलेलं आहे, भागपत्र नॉमिनीच्या नावावर झालं, आता तोच विकणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की सोसायटीने नॉमिनीच्या नावावर हस्तांतर करायला हवं, पण त्याने इतर वारसांचा हक्क बुडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपला सहकार कायदाही अशा नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणतो. भागपत्र दाखवणारा माणूस मालक असेलच असं नाही, हे सोसायटीच्या चिटणीसालाही अनेकदा ठाऊक नसतं. त्याच चिटणीसाला एक गोष्ट मात्र पक्की पाठ असते, हस्तांतराचे पैसे. त्यावर महापालिका हद्दीत कमाल मर्यादा २५ हजारांची आहे. "इमारत विकास निधी" म्हणून त्यावर लाख-दोन लाख मागणारी कमिटी बेकायदा वागते. द्यायचे नाहीत. उपनिबंधकाकडे तक्रार करायची.

आता जमिनीकडे या, कारण फ्लॅट हवेत लटकत नाही. महाराष्ट्रात हजारो सोसायट्या अशा आहेत की माणसं तीस-चाळीस वर्षं राहताहेत, कर भरताहेत, रंग लावताहेत, आणि इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. १९६३ चा मोफा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की सोसायटी नोंदवल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन-इमारतीचं अभिहस्तांतरण करून द्यायचं. चार महिने! किती बिल्डरांनी ते पाळलं हे तुमच्या गल्लीतल्या पाच सोसायट्यांना विचारा. शेवटी २००८ मध्ये कायदा बदलून मानीव अभिहस्तांतरण आणावं लागलं. बिल्डर देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करा, तो एकतर्फी अभिहस्तांतरणाचा आदेश देऊ शकतो. बिल्डरने कायदा मोडला, आणि खेटे घालायचे सत्तरीतल्या अध्यक्षाने.

जुना फ्लॅट घेताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: कन्व्हेयन्स, म्हणजे हे अभिहस्तांतरण, झालंय का? मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव आहे का? फार थोडे विचारतात. पुनर्विकासाची वेळ येते तेव्हा जमीनमालकाचा नातू उगवतो, त्याच्याबरोबर त्याने दिलेलं कुलमुखत्यारपत्र घेऊन आणखी कुणी, आणि मग कळतं की आपण ज्याला घर म्हणत होतो त्याच्याखालच्या जमिनीवर वाटाघाटी दुसरेच करताहेत. नवी मुंबईत वेगळी गत: जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याने दिलेली, तेव्हा हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क. शासकीय जमिनीवरच्या सोसायट्यांत जिल्हाधिकाऱ्याची. हे सगळं इसार देण्याआधी कळायला हवं. इसार दिल्यावर कळलं तर खरेदीदाराच्या हातात भांडण उरतं, पर्याय उरत नाही.

शेवटचे काही दिवस, पैसे आणि कागद हातांतून सरकण्याचे, यांच्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही. पुष्कळ माणसं तिथेच नागवली जातात.

८० लाखांचा सौदा घ्या. विक्रेत्याचं २५ लाखांचं कर्ज बाकी आहे, आणि मूळ कागद त्याच्या बँकेत. तुमची बँक ६० लाख देणार, २० तुमचे. विक्रेत्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी घ्यायची. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवायचं. मग २५ लाख थेट त्या बँकेच्या कर्जखात्यात भरायचे, विक्रेत्याच्या बचत खात्यात कधीच नाही. नंतर कागद सुटायची वाट बघायची. इथे खरेदीदाराचे २५ लाख गेलेले असतात आणि घर अजून विक्रेत्याचं असतं. कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे साठेखताने मालकी येत नाही, ती खरेदीखतानेच येते. या मधल्या काळात विक्रेता वारला तर? त्याच्या भावाने मनाई हुकूम आणला तर? कुणा दुसऱ्या देणेकऱ्याने जप्ती आणली तर? नोंदवलेलं साठेखत असेल, त्यात प्रत्येक रक्कम कुठल्या तारखेला कुठल्या खात्यात गेली ते लिहिलेलं असेल, तर तोच कायदा तुम्ही दिलेल्या पैशांचा बोजा त्या मिळकतीवर मानतो. पाचशेच्या स्टॅम्पवरच्या, नोटरीपुढच्या इसारपावतीवर विसंबाल, तर काय दिलं आणि कशापोटी, हे सिद्ध करण्यातच वर्षं जातील.

कागद सुटण्याबद्दल एक चांगली गोष्ट घडली आहे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून नियम केला: कर्ज पूर्ण फिटलं की ३० दिवसांत मूळ कागद परत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये कर्जदाराला भरपाई. कागद हरवले तर नकला काढून देण्याचा खर्चही बँकेचा. विक्रेत्याने हे पैसे हक्काने मागावेत, भिडेखातर सोडू नयेत.

विक्रेत्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण म्हातारे विक्रेते फार सहज फसतात. खरेदीखतात "संपूर्ण मोबदला मिळाला, काही येणे बाकी नाही" असं छापलेलं असतं. बँकेचा धनादेश नोंदणीनंतर तीन-चार दिवसांनी येणार, असं सांगून सही घेतली जाते. कर्जाची पद्धतच तशी आहे, नोंदवलेला दस्त पाहिल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. पण दस्तात खोटं लिहायची गरज नाही. अमुक रक्कम अमुक बँकेच्या कर्जातून येईल आणि ती जमा झाल्यावरच ताबा दिला जाईल, असं लिहून घ्या. पैसे राहिले तर दस्त आपोआप रद्द होईल, ही आशा ठेवू नका. किमतीचा काही भाग मिळाला नाही एवढ्याने नोंदवलेलं खरेदीखत रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. उरलेल्या पैशांसाठी दावा लावता येतो, घर परत येत नाही. किल्ली शेवटच्या रुपयापर्यंत आपल्याकडे ठेवावी.

कराचं थोडक्यात. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का कापून आयकर खात्यात भरायचा असतो. पण विक्रेता परदेशी स्थायिक असेल, म्हणजे ठाण्याचा फ्लॅट न्यू जर्सीत बसून विकत असेल, तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही. कापायची रक्कम कितीतरी मोठी असते, आणि कमी कापली तर नोटीस खरेदीदाराला येते. त्याने पाठवलेलं कुलमुखत्यारपत्रही तपासा. परदेशात केलेल्या त्या कागदाला वकिलातीची किंवा अपोस्टीलची साक्ष हवी, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. कुलमुखत्यारपत्र देणारा आज हयात आहे का, तेही विचारा. प्रश्न अवघड वाटतो, पण देणारा वारला की साधारणपणे तो अधिकारही संपतो.

न्यू जर्सीतल्या त्या विक्रेत्याने तिथे घर घेतलं तेव्हा काय झालं असेल? पैसे आधी तिसऱ्याच्या ताब्यात. मालकीचा शोध पूर्ण, जुनं कर्ज वळतं, कागद तयार, मग एका बैठकीत सगळ्यांचे हिशेब मिटले. आणि मालकीचा विमा. तिथलं सरकारसुद्धा मालकीची हमी देत नाही, आपल्यासारखीच नुसती दस्तांची नोंद ठेवतं. म्हणून फिलाडेल्फियात १८७६ मध्ये मालकी-विम्याची कंपनी निघाली. दुसरा रस्ता ऑस्ट्रेलियाचा. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने १८५८ मध्ये कायदा आणला, की सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक, आणि नोंदीच्या चुकीने कुणाचं घर गेलं तर भरपाई एका खास निधीतून. आपण दोन्ही रस्ते घेतले नाहीत. रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये बिल्डरने मालकीचा विमा काढायची तरतूद आहे, पण ती शासनाच्या अधिसूचनेवर टांगलेली. त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये मालकी सदोष निघाली तर बिल्डरने भरपाई द्यायची आणि त्याला मुदतीचं बंधन नाही, हे फार मोलाचं आहे. जुना फ्लॅट दुसऱ्या माणसाकडून घेणाऱ्याला यातलं सहसा काहीच मिळत नाही. त्याच्या वाट्याला शोध-अहवाल, जाहीर नोटीस आणि देवावरचा भरवसा.

मुद्रांक शुल्क कमी भरलं गेलं असं खात्याच्या लक्षात आलं, तर कमी पडलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड लागतो. आणि शुल्क पूर्ण भरलेल्या माणसाचं घर दुसऱ्याच कुणाचं निघालं, तर तेच खातं त्याला दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवतं. येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने महसूलमंत्र्यांना हे विचारावं: घरखरेदीदारांकडून घेतलेल्या शुल्कातला थोडा हिस्सा बाजूला काढून, बनावट सरकारी कागदांवर विसंबून बेघर झालेल्यांसाठी हमी-निधी उभारायला शासनाला काय अडचण आहे? डोंबिवलीतल्या कुटुंबांसाठी त्याची सुरुवात करता येईल.